‘नातेवाईकांनी रुग्णाची ओळख नाकारली’ हा शेरा काढण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
शुश्रूषादीप धर्मादाय रुग्णालय,
सदर, नागपूर.

विषय : कालकथित सिंधू गजभिये यांच्या संगणकीय नोंदीतील चुकीचा शेरा रद्द होणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा दि. ३ मार्च २०२५ चा अर्ज व त्यावरील आपले उत्तर, जे अर्जदारास मिळालेले नाही.

महोदय,

१. अर्जदार प्रेमानंद शालिकराम गजभिये हा कोराडीच्या वीज केंद्रातून फिटर म्हणून निवृत्त झालेला इसम आहे. त्याची पत्नी सिंधू हिला जानेवारीत श्वास लागू लागला म्हणून आपल्या रुग्णालयात, तिच्या आधीच्या उपचारांच्या जुन्या नोंदीवरच, दाखल करण्यात आले. तिला अतिदक्षता विभागात नेताना अर्जदार मागोमाग निघाला, तेव्हा दारावरच्या रक्षकाने त्याला अडवले. “काका, वर कोनाले थांबू देत नाही. खाली हॉलमंधी बसा. काही लागलं तर मोबाईलवर फोन येते.” अर्जदाराने जन्मभर नियम पाळले आहेत. तो खाली जाऊन बसला.

२. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो त्याच हॉलमध्ये होता. बॅटरी उतरू नये म्हणून त्याने मोबाईल भिंतीशी चार्जिंगला लावला आणि स्वतः खुर्ची सोडून त्याच्याजवळ जमिनीवर बसला. फोन वाजला नाही. वाजला नाही म्हणजे सिंधूचे बरे चालले आहे, असे तो शेजारच्या लोकांना सांगत होता. संध्याकाळी राहवेना म्हणून त्याने खिडकीवर चौकशी केली. तेथील परिचारिकेने संगणकात पाहिले आणि त्याच्याकडे पाहण्याचे टाळून म्हणाली, “तुमी तर ओळखत नाही म्हटलं होतं ना?” त्यावेळी अर्जदाराची पत्नी दुपारपासून शवागारात बेवारस म्हणून ठेवलेली होती. तिचा जीव गेला तेव्हा अर्जदार तिच्यापासून दोन मजले खाली बसला होता.

३. नोंदीत जो संपर्क क्रमांक होता तो अर्जदाराचा नव्हता. त्या क्रमांकावर अर्जदाराने स्वतः फोन केला. तो श्वेता गजभिये या मिहानमध्ये नोकरी करणाऱ्या मुलीचा निघाला. तिच्या आईचेही नाव सिंधू, वयही तेच, आणि ती माऊलीही आपल्याच रुग्णालयात पूर्वी उपचार घेऊन गेलेली. ‘पेशंट सिरियस आहे, लवकर या’ असा फोन येताच त्या मुलीने घाबरून आधी घरी फोन लावला. आई भाजी निवडत होती. म्हणून तिने रुग्णालयाला कळवले, “आमची आई घरी ठणठणीत आहे. हा पेशंट आमचा नाही.” यात तिचे काय चुकले? परंतु आपल्या कर्मचाऱ्याने पुढे कोणतीही चौकशी न करता शेरा लिहिला की, नातेवाईकांनी ओळख नाकारली.

४. हे कसे घडले याची विचारणा अर्जदाराने आपल्या संगणक विभागात केली. तेथील अश्विन नावाच्या तरुणाने त्याला बसायला खुर्ची दिली, हे येथे नमूद करणे अर्जदार आपले कर्तव्य समजतो. अश्विनने सांगितले की, रुग्णांची माहिती एका तक्त्यात आणि नातेवाईकांचे क्रमांक दुसऱ्या तक्त्यात होते. डिसेंबरात दुसऱ्यातले क्रमांक पहिल्यात एकदम भरण्यात आले. “एकेक नोंद पाहून भरली असती तर महिने लागले असते काका. एका कमांडमंधी काम झालं, चहा प्याच्या आत. दोन्हीकडं नोंदणी क्रमांक होता तिथं तो जुळवला. नव्हता तिथं नाव आन् वय जुळवलं.”
“आन् दोघींचं नाव-वय एकच असंल तर?”
“मंग दोनातलं कोनतं तरी एक बसते.”
अर्जदाराने विचारले, कोणते बसले हे मागाहून कोणी पाहिले काय? सदर कामाच्या जलदगतीबद्दल विभागाला प्रशस्तिपत्र मिळाले असून ते दाराशेजारी लावलेले आहे. अर्जदाराने ते उभ्याने वाचले.

५. अर्जदाराचा एकुलता मुलगा अमोल पुण्यास असतो. मृत्यूच्या दाखल्यासाठी त्याने कागद काढले तेव्हा तो शेरा त्याच्या हाती पडला. सिंधूच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी, पाहुणे उठल्यावर, त्याने तो कागद बापासमोर धरला. “बाबा, तुमी माह्या आईले ओळखत नाही म्हनून सांगतलं?” अर्जदाराने घडले ते सांगितले. मुलगा म्हणाला, “हॉस्पिटल खोटं काहून लिहीन?” त्याच संध्याकाळी तो निघून गेला. तेव्हापासून तो बापाचा फोन उचलत नाही. श्वेताने आपणहून त्याला फोन केला, तर तो म्हणाला की बाबांनी तुम्हाला शिकवून ठेवले असेल. महोदय, त्या मुलीला रडताना अर्जदाराने ऐकले आहे. तिचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता.

६. पहिल्या अर्जावर आपण ‘तक्रार निकाली काढली’ असा संदेश पाठविला. तोही श्वेताच्याच मोबाईलवर गेला. अर्जदाराने पुन्हा चकरा मारल्यावर अश्विनने त्याच्यादेखत क्रमांक दुरुस्त केला. मात्र शेरा काढण्याचा अधिकार आपला आहे, असे कळले. आपली भेट मागितली असता आपले स्वीय सहायक म्हणाले, “रुग्ण आता हयात नाही, दुरुस्त करून फायदा काय?” याचे उत्तर अर्जदाराला घरी गेल्यावर सुचले, ते या अर्जात लिहिण्याजोगे नाही.

७. अर्जदारास भरपाई नको, कोणाची नोकरी जावी अशीही इच्छा नाही. सबब विनंती की, सदर शेरा रद्द व्हावा, आणि प्रेमानंद गजभिये हा त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत याच इमारतीत पत्नीसाठी बसून होता, एवढे एक वाक्य आपल्या सहीशिक्क्यानिशी लिहून मिळावे. आपल्या हॉलमध्ये कॅमेरा आहे. खात्री करून घ्यावी. ते पत्र अर्जदाराला देऊ नये. तो कुठे बसला होता हे त्याला माहीत आहे. ते अमोलला पाठवावे, आणि कृपा करून त्यावरचा पत्ता संगणकातून घेऊ नये. हाताने लिहावा.

आपल्या सहीची वाट पाहणारा,

(सही)
प्रेमानंद शालिकराम गजभिये
कोराडी, जि. नागपूर
दि. १६ जून २०२५

सोबत :
१) कु. श्वेता गजभिये यांचे स्वाक्षरीचे निवेदन.
२) अमोलचे नाव लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट व त्याच्या पुण्याच्या पत्त्याची चिठ्ठी.