बाराचा मीटर

तीर्थरूप हरिश्चंद्र भावोजींना परशुरामचा साष्टांग नमस्कार. अक्काचे गुडघे बरे असतील. नसले तरी बरे आहेत असंच कळवा, नाहीतर आई तेलाची बाटली घेऊन कोल्हापूरला निघेल, आणि तिला घाटात गाडी लागते. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण आमच्याकडे रेंज फक्त पारावर येते आणि पारावर वाडीतले सहाजण कायमचे बसलेले असतात. म्हणून पत्र.

आधी तुमच्या निरोपाचं उत्तर. तुमच्या ट्रकच्या वर्कशॉपमध्ये तन्वीसाठी जागा आहे, महिनाअखेर कळव, म्हणालात. पोरीने ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला हे खरं, पण तो आम्ही स्थळांना सांगायला करवून घेतला. मुलगी ट्रकखाली झोपून नट आवळणार, हे मला पटत नाही. तेव्हा नाही म्हणजे नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. होईल सवय.

आता मुख्य हकीकत. आपला ट्रक चिरे भरून फोंडाघाट चढताना तापतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. वर्षात दोनदा टर्बो जळला. तिसऱ्यांदा जळला तर ट्रक विकायचा आणि मी पारावरचा सातवा व्हायचं. मिस्त्री म्हणाला, सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराचं तापमान दाखवणारा मीटर लावा. काटा वर गेला की ड्रायव्हरने गिअर उतरवावा, दम खावा, टर्बो वाचतो. मी कणकवलीला गेलो. दुकानदाराने विचारलं, बारा व्होल्टचा की चोवीसचा? अकरा वर्षं ट्रकचा मालक असलेल्या माणसाने ‘ठाऊक नाही’ म्हणायचं? मी म्हटलं, घरी बघून सांगतो.

घरात एक माणूस (नाव सांगण्याचं कारण नाही) पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणालं, चोवीसचा. दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडल्यात, बारा आणि बारा चोवीस. मी बॅटऱ्यांजवळ जाऊन पाहिलं. दोन्हींवर स्वच्छ बारा लिहिलेलं. दोन भाऊ एका घरात राहिले म्हणून घरातली अक्कल दुप्पट होत नाही, हे मी आणि धाकट्या ओंकारने सिद्ध केलेलं आहे. मग बॅटऱ्यांची कशी होईल? तरी विषय पारावर ठेवला. तिघे बाराचे निघाले, तिघे चोवीसचे. (त्यांच्यातल्या एकाकडेही सायकलपलीकडे वाहन नाही.) शेवटी सर्वानुमते ठरलं की देवाला कौल लावायचा.

गुरवाने देवाच्या डाव्या-उजव्या अंगाला फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो परशुराम, ह्येचो ट्रक घाटात तापता. बारा व्होल्टाचो मीटर बरो आसात, तर उजवो कौल दी रे म्हाराजा.” आम्ही सगळे “व्हय म्हाराजा” म्हणालो आणि उजवी पाकळी पडली. चोवीसवालेही ताबडतोब बाराचे झाले.

मीटर आला, नारळ फुटला, बाबली ड्रायव्हरने तारा जोडून चावी फिरवली. काटा एकदा थरथरला, बारीक जळका वास आला (आम्ही उदबत्ती समजलो) आणि काटा शून्यावर शांत झाला. बाबली हात जोडून म्हणाला, “बघा, इंजान थंड पडला.” आणि चिरे भरून निघाला. ते मघाचं माणूस म्हणालं, चालू इंजिनाचा धूर शून्यावर कसा असेल? मीटर मेलाय, बाबली त्याच्या भरवशावर घाटात ट्रक दामटणार. मी म्हटलं, देवाच्या शब्दावर शंका नको. तेवढ्यात ते माणूस स्कूटरवर बसून निघूनही गेलं. बाबली गाडी चालवताना फोन बंद ठेवतो, हा त्याचा एकमेव गुण त्या दिवशी नडला. फोंडाघाटच्या बाजारात तो चहाला थांबला होता, तिथे गाठ पडली म्हणून टर्बो वाचला.

मी गुरवाला जाब विचारला. तो शांतपणे म्हणाला, “बाराचो बरो काय, इतक्याच तू इचारलंस. बरो होतोच. तुझ्या गाडयेक चलतलो काय, ह्या तू खंय इचारलंस?” पुढच्या वेळी प्रश्न लेखी न्यायचा असं वाडीने ठरवलं आहे.

बाकी सर्व क्षेम. अक्काला नमस्कार.

तुमचा,
परशुराम

ता. क. चोवीसचा मीटर पाठवा असं लिहिणार होतो. पाठवू नका. त्याच माणसाने परवा आणून बसवला, ट्रकखाली झोपून. तीन खेपा झाल्या, टर्बो शाबूत आहे.

ता. क. २. पाकीट चिकटवून पत्ता लिहायला तन्वीकडे दिलं होतं (माझं अक्षर पोस्टमनला लागत नाही). तिने पत्ता लिहिला आणि विचारलं, “पप्पानू, चोवीस कोणी सांगल्यान, तां लिवलात मां?” मी म्हटलं, लिहिलंय. म्हणून पाकीट पुन्हा फोडावं लागलं. भावोजी, चोवीस तन्वीने सांगितलं. स्कूटरवरून तीच गेली, मीटरही तिनेच बसवला, आणि मी तिला अजून एका शब्दाने शाबासकी दिलेली नाही. ती जागा कोणाला दिली असलीत तर परत मागून घ्या. सोमवारी चिऱ्यांच्या ट्रकमधूनच तिला पाठवतो, बाबलीच्या शेजारी बसवून. तिच्याशिवाय मला करमणार नाही, पण ते तिला सांगू नका, नाहीतर ती यायची नाही.