थोपटलेला साचा

रोहा,
१२ फेब्रुवारी, सकाळ

ती. हितेशदादास,
ऋतुजाचा नमस्कार.

आम्ही इकडे ठीक. अनितावहिनीची कंबर कशी आहे? तिला म्हणावं, मूर्ती रंगव, पण तासन्‌तास खाली बसून नको. पत्र तुझा मेहुणा घेऊन आलाय, प्रविणला आधी जेवायला घाल. काल दोनदा तू माझा फोन मध्येच ठेवलास, म्हणून हा कागद. रागवायचं तर वाचून झाल्यावर रागव.

तू ओतून दिलेल्या काळ्या पट्ट्यांबद्दल लिहितेय. आमच्या कंपनीत पावडर सुकवायचं मशीन आहे. घरच्या मायक्रोवेव्हसारखंच, पण कितीतरी पटीने दांडगं. त्याच्या दारातून ज्या लहरी निसटतील, त्या पट्टीतल्या लोखंडाच्या भुकटीने शोषून घ्यायच्या. त्यासाठी भुकटी रेझिनमध्ये सगळीकडे सारखी पसरलेली हवी. कण एकमेकांना चिकटून दाट बसले की पट्टी पत्र्यासारखी होते, लहरी शोषण्याऐवजी परत फेकते आणि त्या दाराच्या फटीतून बाहेर येतात.

घोडं तिथेच पेंड खातंय. मी एक पट्टी तपासायला घेतली. चुंबक एका बाजूला गच्च धरतो, दुसऱ्या बाजूवरून घसरतो. कापली तर खाली काळा थर, वर नुसतं रेझिन. दादा, तू साचा थोपटलास ना? "थोपटल्याबिगर फुगे जात नाय गो," हे बाबांपासून आपल्या मूर्तींच्या कारखान्यात चालत आलंय, आणि प्लास्टरला ते बरोबरच आहे. पण इथे थोपटलं की जड भुकटी तळाशी जाते. वर तू सवयीने काळ्या रंगाचा हात मारलास, त्यामुळे बाहेरून मलाही कळलं नाही. थोपटू नकोस हे सांगायचं मला सुचलं नाही. चूक दोघांची, आणि साहेबांना मी तसंच सांगितलं.

साहेब म्हणाले, "ही ऑर्डर जाऊ दे, मग बदलू." पट्ट्या दाराला लागल्यासुद्धा. काल मशीन जरा चालवून पाहिलं, तर दाराजवळ लहरी मोजायचा मीटर नुसता बोंबलत होता. चटका लगेच कळत नाही रे, पण रोज उभं राहणाऱ्याच्या डोळ्यांना धोका आहे. आज दुपारच्या शिफ्टला ते सुरू होणार, आणि त्या दारासमोर ड्यूटी प्रविणची आहे.

त्याला मी काही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाला असता, "मी नाय गेलो तर दुसरा कोन तरी उभा राहील, त्याचं काय?" आणि गेलाच असता. म्हणून दादाला तातडीचा कागद द्यायचाय, असं सांगून पेणला धाडला. शिफ्टच्या आत परत यायचं म्हणून तो घाई करेल. त्याच्या गाडीची चावी काढून घे. भांड हवं तर, पण आज त्याला सोडू नकोस.

मला फार भीती वाटतेय. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पण त्याचं म्हणणं खोटं नाही, त्याच्या जागी उभा राहील तोही कुणाच्या तरी घरचाच. म्हणून मी आता कंपनीत निघालेय. मेन स्विच माझ्या हातात नाही, दारापुढे उभं राहणं आहे. नोकरी गेली तर तुझ्याकडे साचे धुवायला येईन.

माणूस समोर दिसत असताना ते मशीन सुरू करणार नाहीत, असं मी धरून चाललेय. दादा, हे शेवटचं वाक्य प्रविणला वाचून दाखवू नकोस.

माझा माणूस तुझ्या हवाली करून,
तुझी
ऋतुजा