ओला स्लॅब

प्रिय धाकट्या,

तुझ्या बांधकामावर स्थगिती मीच आणली. तुझी नवी भिंत माझ्या खिडकीला चिकटली, घरात उजेड येईना, आणि बोलायला आलो तर तू म्हणालास, "जा कोर्टात." गेलो.

पण हुकूम आला तो नेमका तुझा स्लॅब टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी. मजूर निघून गेले. आता पाणी कोण मारणार? तीस वर्षं मिस्त्रीकाम केलेल्या माणसाला ताजा स्लॅब उन्हात तडकलेला बघवत नाही. भांडण भिंतीचं, स्लॅबने काय केलंय? रोज पहाटे देवाचं नाव घेऊन माझ्या गच्चीवरून पाइप सोडत राहिलो.

परवा कोर्टाचे साहेब पाहणीला आले. ओला स्लॅब बघून म्हणाले, "म्हणजे काम चालूच आहे!"

"आईची शपथ साहेब, मी इकडे फिरकलोसुद्धा नाही," तू सांगत होतास.

मी खिडकीत उभा होतो. माझा वकील कानात म्हणाला, "काका, जिंकलो. आता फक्त गप्प बसा."

मी गप्प बसलो. तेव्हापासून देवापुढे बसतो, पण नाव ओठांवर येत नाही. घरात हे सांगायला दुसरं कोणी नाही, म्हणून लिहितोय. तुझ्या दारात पत्र टाकायचा धीर मात्र नाही.

हुकूम मोडला म्हणून तुझं बांधकाम पाडायचं का, ते उद्या कोर्टात ठरेल. मी उभा राहून खरं सांगेन. वकील कपाळ बडवून घेईल.

उद्या स्लॅबचा अकरावा दिवस. निघण्याआधी पाणी मारून जाईन.

भिंतीपलीकडचा,
दादा