बोटीवरचं बाकीचं सामान

३ मार्च, सकाळी
आजपासून दाजींच्या बोटीवरच्या जादा यंत्रांचा प्रमुख मी. 'प्रमुख' असं दाजी म्हणाले नाहीत. म्हणाले, इंजिनाला हात लावलास तर हात मोडीन, बाकीचं काय ते तू बघ. पण अर्थ तोच. बाकीचं म्हणजे मासे दाखवणारा स्क्रीन, गळाच्या दोऱ्या लांब धरणारे दोन दांडे, नांगराची मोटर, जिवंत आमिषाची टाकी. हौशी गिऱ्हाइकांना हे सगळं लागतं.
ताईने नवऱ्याकडे माझ्यासाठी शब्द टाकलाय. शनिवारची फेरी नीट झाली तर मोठ्या सफरीत मला जागा. नाहीतर बाबांचं टायरचं दुकान. तिथे माझा जीव गुदमरतो.
संकल्प: रोज सगळं धुणार, पुसणार, ग्रीस लावणार.

४ मार्च
एका दांड्याला ग्रीस लावलं. मग शेजारच्या बोटीला रंग देत होते ते बघायला गेलो. रंगाऱ्याला दोन सूचना केल्या. त्याने ब्रश माझ्या हातात दिला आणि चहाला गेला. दुसरा दांडा उद्या. तसंही मासे एकाच बाजूला जास्त असतात असं माझं निरीक्षण आहे.

५ मार्च, दुपारी
स्क्रीन शिकलो. माहितीपुस्तक उघडलं नाही, बटणं दाबत गेलो. आता तो कुठल्यातरी भलत्याच भाषेत बोलतो. दाजी म्हणाले, छान, आता माशांशी तूच बोल.

७ मार्च
काल लिहायचं राहिलं. दीपगृहावर नोकरी कशी मिळते याची चौकशी करत होतो.
आज दाजी भडकले. दुसऱ्या दांड्याची कप्पी गंजून अडकली. समुद्रातून आलं की प्रत्येक वस्तू गोड्या पाण्याने धुवायची, मीठ यंत्र खातं, कितीदा सांगू मेहुणेबुवा? ताई हसली. सख्खी बहीण!
संकल्प: बोटीवर मिठाचा कण राहणार नाही.

८ मार्च, संध्याकाळी
कमाल केली. पाइप लावून सगळं धुतलं. उद्याच्या फेरीसाठी दाजींनी समुद्रातून जिवंत मासे आणून टाकीत सोडलेत. टाकीचा पंप बिचारा सारखा खारं पाणी ओढतोय. बंद केला. टाकी रिकामी करून नळाचं स्वच्छ पाणी भरलं. मासे उड्याच मारायला लागले! स्वच्छता मुक्या जिवांनाही कळते. दाजींना सांगितलं नाही. सरप्राइज.

९ मार्च, पहाटे
मासे झोपलेत. पाठीवर.

त्याच दिवशी, जरा वेळाने
दाजींनी झाकण उघडलं. एक मासा शेपटीला धरून वर काढला. मग हळूच म्हणाले, समुद्राचे मासे रे, गाढवा. एक म्हातारे गिऱ्हाईक म्हणाले, आपण अजून धक्क्यावरच, आणि या पठ्ठ्याने सगळे मासे मारलेसुद्धा! सगळे हसले. म्हणजे वातावरण तसं खेळीमेळीचं होतं. सफरीचं अजून नक्की नाही असं धरून चालतो.

१२ मार्च
बोट सफरीला गेली. माझ्या जागी ताई.
मी बॅग घेऊन गेलो होतो, ऐनवेळी दाजींचा विचार बदलला तर असावी म्हणून. दाजी म्हणाले, आलाच आहेस तर दोर सोड. सोडला. सरळ पाण्यात पडला. तो बोटीवर फेकायचा असतो, हे कोणी सांगितलंच नव्हतं. ताईने वाकून ओला दोर ओढून घेतला, हात साडीला पुसले आणि मग मला हात हलवून दाखवला.
मीपण हलवला. बॅग धरलेलाच हात.