आभाराचं भाषण तयार आहे

गुरुवार, ४ एप्रिल

आज क्लबच्या सभेत एकमताने वक्ता समितीचा प्रमुख झालो. समितीत मी एकटाच असल्याने मतभेदाला वाव नाही. डॉक्टरबाईंनी (दातांच्या; यंदाच्या अध्यक्षा) कोण जबाबदारी घेतंय असं विचारलं तेव्हा बाकी सत्तावीस जण आपापल्या बुटांकडे पाहू लागले. माझ्याबद्दलचा आदर.

काम असं की दर गुरुवारी पाहुणा वक्ता आणायचा, त्याला पाऊण तास बोलू द्यायचं आणि ठीक आठला सभा संपवायची. इतकंच, असं बाई म्हणाल्या. इतकंच! कुणाला नेमलंय याची त्यांना अजून कल्पना नाही.

ही वही कुणी वाचत नाही, म्हणून मनातलं लिहितो. पंचवीस तारखेला पुढच्या अध्यक्षाची निवड आहे. मला अध्यक्ष व्हायचंय. वक्ता समितीचा प्रमुखच पुढे अध्यक्ष होतो अशी क्लबची परंपरा आहे. आजवर दोनदा झालं, पाचदा झालं नाही. पण परंपरा ती परंपरा.

शुक्रवार, ५ एप्रिल, दुकानात (गिऱ्हाईक नसताना)

निश्चय: यापुढे वक्ता पहिल्या दर्जाचाच. न्यायाधीश, शास्त्रज्ञ, गिर्यारोहक. परिचय मी स्वतः करून देणार. आभारही मीच मानणार.

आभाराचं भाषण दुपारीच लिहून टाकलं. वक्ता अजून ठरलेला नाही, पण त्याचे विचार अमोल असणार हे नक्की, त्यामुळे लिहिताना अडलं नाही. नावाची आणि विषयाची जागा कोरी ठेवली आहे. मोठा फायदा म्हणजे आता मधलं भाषण ऐकत बसायला नको. तेवढा वेळ व्यवस्थेकडे लक्ष देता येईल.

अध्यक्ष झाल्यावर करायचं भाषणही त्याच ओघात लिहिलं. बायकोला वाचून दाखवलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं म्हणाली. भाषेवर मात्र आक्षेप नव्हता.

सोमवार, ८ एप्रिल

न्यायाधीशांच्या कारकुनाने विचारलं, तारीख कधीची पडलीय? गैरसमज दूर करेपर्यंत फोन कटला. शास्त्रज्ञांना विमानाचं तिकीट हवंय. शिखर सर केलेल्या गृहस्थांनी हॉल कितव्या मजल्यावर आहे असं विचारलं. दुसऱ्या, म्हटलं. लिफ्ट नाही हे कळल्यावर त्यांनी नकार दिला.

मंगळवार, ९ एप्रिल

काम फत्ते! अग्निशमन दलाचे साहेब दुकानात वाचायचा चष्मा करायला आले होते. तपासणीची लोखंडी फ्रेम नाकावर चढवली, दोन्ही डोळ्यांवर काचा घातल्या आणि मग विषय काढला. त्या अवस्थेत माणसाला उठून जाता येत नाही. गुरुवारी येतो म्हणाले.

माहिती मागितली तर दोनच ओळी दिल्या. एवढ्यावर काय परिचय होणार? आदिमानवाने गारगोट्या घासल्या तिथपासून सुरुवात करायचं ठरवलं आहे.

गुरुवार, ११ एप्रिल

परिचय अप्रतिम झाला. एकोणचाळीस मिनिटं.

साहेब शेजारी उभे होते. आधी माझ्याकडे पाहत होते. मी लोहयुगात शिरलो तेव्हा छताकडे पाहू लागले. पुढे भिंतीकडे, मागच्या दाराकडे, दाराला लावलेल्या खुर्च्यांच्या थप्पीकडे. मग पाय मोकळे करायला म्हणून फिरले. पुढचं दार उघडं राहावं म्हणून आम्ही जी लाल नळकांडी दाराला टेकवून ठेवतो ती उचलून तिच्यावरचा कागद वाचला. खिशातून वही काढली. मला वाटलं माझे मुद्दे टिपून घेतायत.

त्यांना सहा मिनिटं उरली. त्यांनी एकच वाक्य उच्चारलं: हा हॉल उद्यापासून बंद. थोडक्यात पण परिणामकारक. मी लगेच आभार मानले, त्यांच्या बहुमोल मार्गदर्शनाने आपल्याला नवी दिशा मिळाल्याचं सांगितलं.

शुक्रवार, १२ एप्रिल

हॉलच्या दाराला नोटीस लागली आहे. नळकांडीची मुदत संपून अकरा वर्षं झालीत म्हणे. डॉक्टरबाईंचा फोन आला. जरा चढ्या आवाजात बोलत होत्या. क्लबच्या इतिहासात एका भाषणाचा इतका तातडीने परिणाम झालेला नाही, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. त्यांनी फोन ठेवला.

टाइल्सवाल्यांनी आपलं शोरूम सभेसाठी देऊ केलं आहे. हा माणूस क्लबात येऊन दोन वर्षं झाली नाहीत. कानामागून आला आणि तिखट झाला. यांचाही डोळा अध्यक्षपदावर असणार, मी ओळखून आहे.

बुधवार, १७ एप्रिल

उद्यासाठी एक समुपदेशक बाई मिळाल्या. विषय, 'नाही म्हणायला शिका'. विषय किरकोळ वाटतो, पण पर्याय नव्हता. उपस्थिती वाढावी म्हणून सभासदांना सहकुटुंब बोलावलं आहे. बायको येते म्हणाली. आईही येतेय. ऐंशीव्या वर्षी तिला कुणाला नाही म्हणायचंय कोण जाणे.

गुरुवार, १८ एप्रिल

शोरूममध्ये खुर्च्या चार. माणसं त्रेपन्न. टाइल्सवाल्यांनी विक्रीला ठेवलेले कमोड अर्धवर्तुळात मांडले होते. झाकणं लावून, अर्थात. डॉक्टरबाईंना बदामी रंगाचा दिला. उरलेले टबांच्या कडेवर बसले.

गेल्या वेळचा धडा घेऊन परिचय बारा मिनिटांत आवरला. समुपदेशक बाई बोलायला लागल्याबरोबर मी मागच्या दालनात गेलो. तिथे नमुन्याची सात बाथरूम्स आहेत आणि प्रत्येकात आरसा. तीन नंबरच्या आरशासमोर आभाराची तालीम केली. बाहेर टाळ्या, हशा, मग सगळे मिळून काहीतरी म्हणत असल्याचा आवाज. बहुधा क्लबची प्रतिज्ञा.

आभार उत्तम झाले. त्यानंतर बाईंना घरी कोण सोडणार असं विचारलं. विमावाल्यांनी (क्लबचे सचिव, गाडी यांच्याकडेच) सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं, शांतपणे एक श्वास घेतला आणि नाही म्हणाले. कारण दिलं नाही. टाइल्सवाल्यांनीही अगदी तसंच केलं. लोकांना झालंय तरी काय?

मीच स्कूटरवरून सोडलं. वाटेत पुढच्या महिन्यात पुन्हा याल का, असं विचारलं. नाही म्हणाल्या. कामात असतील.

शुक्रवार, १९ एप्रिल, सकाळी

बायकोला चहा टाकतेस का म्हटलं. तिने डोळ्यांत पाहिलं. श्वास घेतला. नाही म्हणाली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच. मी कारणाची वाट पाहत थांबलो. आलं नाही.

आईने रक्तदाबाच्या गोळीला तसंच केलं.

चहा मीच केला. दोघींनीही घेतला.

शनिवार, २० एप्रिल

उद्या क्लबचं रक्तदान शिबिर. डॉक्टरबाईंनी सकाळपासून सगळ्यांना फोन केले. मंडप, टेबलं, नावनोंदणी, सरबत, प्रत्येक कामाला एकच उत्तर. त्या रडकुंडीला आल्या होत्या. आपला क्लब चाळीस वर्षं चालला तो लोकांना नाही म्हणता येत नाही म्हणूनच, आणि तेवढी एकच गोष्ट तुम्ही बिघडवलीत, असं मला म्हणाल्या. यात माझा काय दोष? मी तर ते भाषण ऐकलंसुद्धा नाही. हे ऐकून त्यांचा रडवेला सूर एकदम गेला. मग अतिशय गोड आवाजात विचारलं, मंडपाचं तुम्ही बघाल का?

हो म्हटलं. मग टेबलांचं विचारलं. मग नोंदणीचं. मग सरबताचं.

भावी अध्यक्षावर विश्वास टाकतायत.

रविवार, २१ एप्रिल

पहाटे पाचपासून मंडपात. टेबलं लावली, फलक टांगला, सरबत ढवळलं. नावनोंदणीला मी बसलो. दहापर्यंत कुणी आलं नाही म्हणून स्वतःचंच नाव नोंदवलं, आत जाऊन रक्त दिलं, बाहेर येऊन स्वतःला सरबत दिलं आणि प्रमाणपत्रावर सही केली. आभारही मानले. रक्तपेढीच्या डॉक्टरांनी दाता एकच असताना 'सर्व रक्तदात्यांचे आभार' कशाला, असं विचारलं. भोचक माणूस.

मंगळवार, २३ एप्रिल

विमावाले दुकानात येऊन बसले होते. त्यांच्या चार गिऱ्हाइकांनी, म्हणजे आमच्याच चार सभासदांनी, पॉलिसीला नाही म्हटलं. कारण न देता. बिचारे हवालदिल झाले होते. मी धीर दिला. परवा मला मत द्याल ना, असं सहज विचारलं. त्यांनी डोळ्यांत पाहिलं तेव्हा मी घाईने विषय बदलला.

झाडांना पाणी घालणं, वाचनालयाची पुस्तकं लावणं, वृद्धाश्रमात दर शनिवारी जाऊन पेपर वाचून दाखवणं, सगळं आता माझ्याकडे आलंय. दुकान दुपारी बंद ठेवावं लागतं. बायको म्हणते, घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजताय. तिलाच म्हटलं, मला शिकव ना ते, काय शिकलात सगळे. नाही म्हणाली.

खरं सांगायचं तर थकलोय. तीस वर्षं या गावाला चष्मे दिले. लोकांना सगळं नीट दिसायला लागलं, मी मात्र कुणालाच दिसलो नाही. एकदा, एक वर्षभर, चार माणसांनी उठून नमस्कार करावा एवढंच वाटतं.

गुरुवार, २५ एप्रिल, सभेहून आल्यावर

मैदान मोकळंच होतं. डॉक्टरबाईंनी टाइल्सवाल्यांना उभं राहण्याची विनंती केली. श्वास, नाही. विमावाल्यांना केली. नाही. मग कुणीतरी बाईंनाच अजून एक वर्ष राहा म्हणालं. बाईंनी इतका सुरेख नकार दिला की लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग मी उभा राहिलो. मी तयार आहे, म्हटलं. भाषणाचे कागद काढले. माझ्याविरुद्ध उभं राहायला कुणीच नव्हतं, मनात म्हटलं झालं आता.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या निळ्या कमोडवरून एक निवृत्त मुख्याध्यापक उठले. म्हणाले, यंदा अध्यक्षपद रिकामं ठेवून पाहायला काय हरकत आहे? हात वर करून मतदान झालं. रिकामं ठेवा, सत्तावीस. मी, दोन. त्यातला एक हात माझा. दुसरा डॉक्टरबाईंचा होता. पण आपण केस सावरत होतो, असं त्यांनी मागाहून स्पष्ट केलं. सुधारित निकाल, अठ्ठावीस विरुद्ध एक.

पद रिकामं असलं तरी अध्यक्षांची खुर्ची दर सभेला मांडली पाहिजे, नाहीतर ते रिकामं आहे हे कळणार कसं, असा मुद्दा निघाला. खुर्ची सागवानी, बंद हॉलमध्ये अडकलेली. ती आणणार कोण? अदबीने, एकेक करून, सगळ्यांनी नाही म्हटलं. मग माझी पाळी. मी ठरवलं, आज म्हणायचंच. श्वास घेतला. पण डोळ्यांत पाहायचं ते नक्की कुणाच्या, हे मला माहीत नव्हतं. अठ्ठावीस माणसं होती.

हो म्हणालो.

शुक्रवार, २६ एप्रिल

रखवालदाराकडून किल्ली घेऊन खुर्ची आणायला गेलो. भलतीच जड निघाली. पहिल्या मजल्यावर दम लागला म्हणून जिन्यात टेकवली. वर-खाली कुणी नव्हतं. दोन मिनिटं बसलो.

टोचते.