निकाली निघालेली तक्रार

सोमवार, ४ मार्च

केलं एकदाचं! डॉक्टरांचं ते ॲप फोनवर घेतलं. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, जिन्याखाली उभं राहून. चोरी करतेय असंच वाटत होतं.

आधी नाव, मग वजन, मग रक्तगट, मग 'आमच्याबद्दल आपण कुठे ऐकलंत?' अहो, सकाळी एक मोजा हातात घेऊन पलंगाच्या कडेला मी पाऊण तास बसून असते, त्याचं काय ते विचारा! ते विचारलंच नाही. पुढे प्रश्नावली आली. रस वाटत नाही का, झोप लागते का, स्वतःबद्दल वाईट वाटतं का. आता मी पडले पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार कक्षातली. बावीस वर्षं. फॉर्म दिसला की तो नीटनेटका भरायचा, कुठे बोभाटा होणार नाही असा. सगळीकडे 'क्वचित'वर खूण केली. निकाल आला— 'अभिनंदन! तुमची मनःस्थिती उत्तम आहे.' वर हसायचा व्यायाम, सहा मिनिटांचा.

पुन्हा भरला. या वेळी खरं खरं. निकाल लालभडक. इतकं बरं वाटलं, जणू पहिल्या नंबराने पास झाले.

इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे फाटे फोडायला नकोत. मला बरं व्हायचंय. आणि घरात कळू द्यायचं नाहीये. दोन्ही एकदम.

मंगळवार, ५ मार्च

डॉक्टरांची वेळ मिळाली. उद्या, दोन वाजून सात मिनिटांनी. सात कशासाठी, देव जाणे.

बुधवार, ६ मार्च

जुन्या फायलींच्या खोलीत जाऊन बसले. आतून कडी. ॲपमध्ये आपोआप उत्तरं देणारं एक बोलकं यंत्र आहे, स्वतःला 'मैत्रीण' म्हणवतं. 'मी तुमची मैत्रीण! तुमच्या आधी चौदा जण आहेत.' मग अकरा. मग सतरा! अगं, वाढले कसे? 'तुमची अस्वस्थता मी समजू शकते.' समजते कुठली, माझ्या मागचे पुढे घुसवतेस आणि वर समजतेस!

दोन पंचावन्नला डॉक्टर पडद्यावर उगवले. तिशीचे असतील. मागे खोटं पुस्तकांचं कपाट. मान हलवली की अर्धा कान त्या कपाटात जायचा. "बोला." मी बोलायला लागले. मोज्याचं सांगितलं. मग जे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं तेही सांगितलं— की मरायचं वगैरे नाहीये, पण मी नसले तर कुणाचं काही अडणार नाही असं रोज वाटतं. फोनवर दिवसभर गोड बोलते आणि फोन ठेवला की मी कुठेच नसते. डॉक्टर एकटक बघत होते. तोंड जरासं उघडं. किती मन लावून ऐकतोय माणूस, म्हणून मला भरून आलं.

चित्र अडकलं होतं!

दोन मिनिटांनी हलले. "सॉरी, आवाज तुटला. शेवटचं काय म्हणालात?"

"काही नाही," म्हटलं.

सातव्या मिनिटाला गोळ्या लिहून दिल्या. चौदा दिवसांच्या. गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात, मनाने थांबवायच्या नाहीत, मग पुढच्या मिळतील. मी त्यांना पाच तारे दिले. बिचारा दमलेला दिसत होता.

गुरुवार, ७ मार्च

औषधाच्या दुकानात सहा माणसं. दुकानदाराने फोनवरची चिठ्ठी लांब धरली, जवळ धरली, मग आत हाक मारली, "अहो, त्या डिप्रेशनच्या वरच्या फळीवर आहेत का बघा जरा!" सहाच्या सहा जणांना एकदम आपापल्या चपला बघाव्याशा वाटल्या. मी म्हटलं, "शेजारणीच्या आहेत." दुकानदार म्हणाला, "त्यांना सांगा, जेवणानंतर घ्यायच्या."

सांगते.

शुक्रवार, ८ मार्च

पहिली गोळी. एवढीशी. बटणांच्या डब्यात लपवल्यात, तिथे माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही.

सोमवार, ११ मार्च

तोंड कोरडं. जांभया. बाकी काही नाही. हे म्हणाले, "तुझा चेहरा उतरलाय, फिरायला जात जा." ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना नीट दिसतंय का ते विचारतात, आणि घरी सगळ्यावर एकच औषध— फिरणं. ताप आला, फिर. पाय मोडला तर काय म्हणतील कोण जाणे.

सासूबाईंचं औषध वेगळं. शहात्तर वर्षांच्या, पण बसलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. घडी घातलेले कपडे उलगडून परत घडी घालतात, काठाला काठ जुळवून. मी दुपारी पडले की दारात येऊन एवढंच— "हात चालू ठेवावेत गं. डोकं गप्प बसतं." मी उठते. धुसफुसत उठते, पण उठते.

शनिवार, १६ मार्च

आज सकाळी मोजा चटकन चढला. योगायोग असेल. तरी लिहिलं.

मंगळवार, १९ मार्च

अशी कशी मी माती खाल्ली!

पुढच्या गोळ्या मागायला ॲप उघडलं. मैत्रीण म्हणते, 'आपली फाइल बंद झाली आहे. बरे झाल्याबद्दल अभिनंदन!' कोण बरं झालं? तारीख बघितली— शनिवार. मग आठवलं. शनिवारी भर कामात, तीन लाइनी वाजत असताना, फोनवर चौकोन आला होता. 'आपली तक्रार दूर झाली का? हो / नाही.' आणि माझ्या बोटाने 'हो' दाबलं. मी नाही, बोटाने! आमच्याकडे अठ्ठेचाळीस तासांत तक्रार निकाली निघाली नाही तर साहेब नावानिशी यादी भिंतीवर लावतात. नळाला थेंब टपकला की "पाणी आलं ना? मग बंद करते हं तक्रार" असं म्हणायचं, ते म्हणेपर्यंत बंद करून टाकायची. बावीस वर्षांत माझं नाव एकदाही भिंतीवर लागलेलं नाही. शनिवारी मी माझीच निकाली काढली.

नव्याने नोंदणी करायला गेले. 'बरे झालेल्या सदस्यांना तीस दिवसांनंतर पुन्हा प्रवेश मिळेल.' गोळ्या उरल्या दोन.

बुधवार, २० मार्च

मैत्रिणीशी भांडले. वीस मिनिटं.

मी— चुकून दाबलं गेलं. ती— आपली गैरसोय समजते. मी— मला डॉक्टरांशी बोलायचंय. ती— आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. मी— गोळ्या मधेच थांबवू नका असं तुमचेच डॉक्टर म्हणाले! ती— आणखी काही मदत करू शकते का?

फोन ठेवला आणि अंगावर काटा आला. ही सगळी वाक्यं माझी आहेत. शब्द न् शब्द. परवाच एका आजोबांना ऐकवली होती, तिसऱ्या मजल्यावर बादलीने पाणी चढवत होते ते. आपली गैरसोय समजते म्हटलं होतं. काय समजत होतं मला?

शुक्रवार, २२ मार्च

डबा उघडला. बटणं.

शनिवार, २३ मार्च

मोजा. अर्धा तास.

घाबरले. खरंच घाबरले. आधी हे काय आहे ते कळत नव्हतं, आता कळतं, म्हणून जास्त.

सोमवार, २५ मार्च

आमच्याकडे चिवट माणसं काय करतात? 'वरिष्ठांशी बोलायचंय' एवढंच म्हणत राहतात. तेच केलं. मैत्रिणीने काहीही विचारलं तरी एकच उत्तर— वरिष्ठ. वरिष्ठ. वरिष्ठ. एकतिसाव्या वेळेला फोन वाजला आणि चक्क जिवंत बाई बोलली! मागे दहा-बारा जणांचा कलकलाट, ओळखीचा.

मी न थांबता सगळं सांगितलं. क्रमांक, तारीख, वेळ. पलीकडे तिने काहीतरी टाइप केलं. मग हळूच, "ताई, तुम्ही पण फोनवरच असता का कुठे?"

"कशावरून?"

"तक्रार सांगताना क्रमांक आधी सांगितलात. कुणी सांगत नाही."

दोघी हसलो. कितीतरी दिवसांनी हसले, आणि तेही परक्या बाईबरोबर! मग ती आणखी आवाज उतरवून म्हणाली, "'चुकून बंद' असा एक पर्याय असतो बघा आमच्याकडे. लोकांना सांगायचा नाही असा आदेश आहे."

"आमच्याकडेही आहे," मी म्हटलं. "मी पण सांगत नाही."

तिने फाइल उघडली. परवा सकाळी अकराची वेळ दिली. फोन ठेवताना तिने विचारलं, "तक्रार दूर झाली ना?" आणि लगेच, "नको नको, उत्तर देऊ नका!"

मंगळवार, २६ मार्च

त्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची तक्रार 'चुकून बंद'मध्ये टाकली. भिंतीवर नाव लागेल. लागू दे.

बुधवार, २७ मार्च

रजा टाकली होती. पण सकाळी अकराला सासूबाई घरभर. शेवटी बाथरूममध्ये गेले, बादली पालथी घालून बसले, आणि बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ पूर्ण सोडला. पाणीपुरवठा खात्याची बाई! कुणी पाहिलं असतं तर पेपरात आले असते.

तेच डॉक्टर, तेच कपाट. "पहिल्यांदाच येताय का?" आता याला काय म्हणावं! पण या वेळी मी आधी विचारलं, "मी दिसतेय का? हात हलवा." त्यांनी हलवला. मग सगळं सांगितलं. नळाच्या आवाजामुळे जवळजवळ ओरडून. नसले तर कुणाचं अडणार नाही, तेसुद्धा ओरडून. असलं काही ओरडून सांगितलं की आतली भीती जरा कमी होते, हे मला माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं. जीव द्यायचा विचार येतो का, सरळ विचारलं. मी सरळ सांगितलं, नाही, पण परवा पुन्हा भीती वाटली. त्यांनी बरंच विचारलं, खूप हळू. खाली मैत्रीण नाचत होती, 'वेळ संपली! वेळ संपली!' त्यांनी तिला बाजूला सारलं. एकोणीस मिनिटं बोललो. गोळ्या पुन्हा सुरू. या शुक्रवारी प्रत्यक्ष दवाखान्यात येऊन भेटायचं. रात्री-अपरात्री लावायचा एक नंबर दिला. "आणि घरात एका माणसाला तरी सांगा."

"सांगते," म्हटलं. साफ खोटं.

दारावर थाप. सासूबाई— "किती वेळ पाणी सोडलंयस!" मी नळ बंद केला. बाहेर आले तर त्या तिथेच उभ्या होत्या, हातात सुका टॉवेल. तो माझ्या हातात दिला आणि गेल्या.

गुरुवार, २८ मार्च

हे दुकानात गेल्यावर सासूबाई चादरीची घडी घालत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तुझ्या त्या बाथरूममधल्या डॉक्टरला विचारशील? शहात्तराव्या वर्षी चालतात का त्या गोळ्या?"

मी चादरीचं दुसरं टोक धरलं. मग विचारलं, "आई, कधीपासून?"

"तुझा नवरा रांगायला लागला नव्हता, तेव्हापासून."

हे आता एक्कावन्न वर्षांचे आहेत.