बीप बंद करायची क्लिप

४ ऑगस्ट, सोमवार

अकरावीला आज संवेग आणि आवेग! कॉम्प्युटरवर गाड्यांची टक्कर. प्राचार्यांचा आग्रह — "मॅडम, खेळातून शिकवा." शिकवलं. रुद्रने थेट दोनशेचा स्पीड टाकला आणि अख्खी लॅब ओरडली, "उडवला!" संवेग गेला खड्ड्यात. शेवटी तीच टक्कर बेल्ट लावून आणि बेल्ट काढून दाखवली. बेल्टमुळे माणसाला थांबायला जरा जास्त वेळ मिळतो, म्हणून धक्का कमी बसतो. तेव्हा कुठे पोरांनी वह्या उघडल्या.

५ ऑगस्ट, मंगळवार

आमची नवी गाडी आली. चाकांखाली लिंबं चिरडली, नारळ फुटला, डॅशबोर्डवर गणपती बसला. एवढा बंदोबस्त झाल्यावर बेल्ट कशाला! किशोरने लगेच एक क्लिप आणली. बेल्टच्या खाचेत खोचायची, की गाडीची बीपबीप बंद. नवरा ओझरच्या विमानाच्या कारखान्यात इंजिनिअर आहे बरं का!

म्हणे, "ओझरलाच तर जायचंय, मंगळावर नाही."

६ ऑगस्ट, बुधवार

लॅपटॉपवर त्याचीच गाडी, त्याचंच वजन घालून धडकवली. साहेब चहा पीत बघत होते. "मी स्टिअरिंग घट्ट धरतो ना!"

अगं बाई! हजारो किलोंचा धक्का हा मनगटांवर झेलणार! मला खरंच भीती वाटते, आणि हा हसतो.

७ ऑगस्ट, गुरुवार

क्लिप कचऱ्यात टाकली. संध्याकाळी दुसरी हजर.

८ ऑगस्ट, शुक्रवार

चमत्कार! मी घसा कोरडा केला तो फुकट. सासूबाईंनी सकाळी गाडीत वाकून क्लिप उपटली आणि कमरेला खोचली. "बांध रे बाबा! एवढी शिकेल हाय ती, उगाच बोलती का?" किशोरने निमूट बेल्ट बांधला. मला डोळा मारून त्या आत गेल्या. अशी सासू असल्यावर फिजिक्स हवंय कुणाला!

उद्या राखीला तिघं मनमाडला, नणंदेकडे.

१० ऑगस्ट, रविवार

काल चांदवडच्या पुढे समोरच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला आणि आमची गाडी मागून त्यावर आदळली. किशोरच्या आणि माझ्या छातीवर बेल्टचे वळ, बाकी काही नाही. सासूबाई मागे बसल्या होत्या, पाय वर घेऊन. आज पहाटे गेल्या.

मागचा बेल्ट सीटखाली तसाच दबलेला होता. त्यांना मी एकदाही म्हटलं नाही — आई, तुम्हीपण बांधा.